रिंगफोर्टची राखण कोणी करायची?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या केरी काउंटीतले खासदार डॅनी हीली-रे यांनी कॉर्क-किलार्नी रस्त्याबद्दल एक विधान केले. एन-२२ या महामार्गाचा एक पट्टा दुरुस्त करूनही पुन्हापुन्हा खचत होता. त्या परिसरात जुने ‘फेअरी फोर्ट’, म्हणजे लोक पऱ्यांचे मानतात ती बांध-खंदकाची जुनी गोल रिंगणे (अभ्यासकांच्या भाषेत रिंगफोर्ट), आहेत, अशा ठिकाणी काहीतरी असते आणि त्यांना हात लावायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे होते. असा फोर्ट पाडायला कोणी सांगितले तर आपण उपाशी राहू पण ते काम करणार नाही, असेही ते म्हणाले. एका बाजूला हसणाऱ्यांची रांग लागली: एकविसाव्या शतकात लोकप्रतिनिधी पऱ्यांच्या गोष्टी सांगतो! दुसऱ्या बाजूने उत्तर आले की हे ख्रिस्तपूर्व काळापासून झिरपत आलेले शहाणपण आहे, शहरातल्यांना ते कळायचे नाही. अशी बातमी काही वर्षांनी पुन्हा येते आणि वाद जिथून सुरू झाला तिथेच संपतो. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लॅटूनच्या, पऱ्यांचे मानलेल्या एका काटेरी झुडपासाठी लोककथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला, रस्त्याच्या आखणीत ते झुडूप वाचवले गेले, तेव्हाही बोलणे याच दोन सुरांत झाले होते.

पऱ्या खऱ्या की खोट्या, या प्रश्नावर रिंगफोर्टचे भवितव्य टांगणे ही दोन्ही बाजूंची चूक आहे. माझे म्हणणे असे. या जागांभोवतीचा धाक हे प्राचीन ज्ञान नाही, पण तो निव्वळ कचराही नाही. तो या जागांच्या इतिहासाचा एक थर आहे. खंदकात साचलेल्या गाळाइतकाच खरा, आणि तितक्याच काळजीने नोंदवण्याजोगा. मात्र त्या धाकावर राखणीचे काम सोपवून स्वस्थ बसता येणार नाही. ते काम कायद्याने, पैशाने आणि शेतावरच्या रोजच्या शिस्तीने करावे लागेल, आणि त्यासाठी कोणालाही कशावर विश्वास ठेवायला सांगायची गरज नाही.

आधी ही वस्तू नेमकी काय आहे ते पाहू, कारण वादातले निम्मे गैरसमज तिथेच संपतात. नावात फोर्ट असला तरी हा किल्ला नव्हे. ही शेतकरी कुटुंबाची वस्ती होती. गोल जागा आखायची, तिच्याभोवती खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या अंगाला टाकून बांध रचायचा आणि बांधावर कूड किंवा काटेरी कुंपण घालायचे. आतला व्यास बहुधा २० ते ४४ मीटर, बऱ्याच ठिकाणी ३० च्या आसपास. प्रवेश बहुतेकदा पूर्वेला किंवा आग्नेयेला, म्हणजे अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यापावसाकडे पाठ करून. मातीच्या बांधाला राथ किंवा लिस म्हणतात. खडकाळ मुलखात तेच काम चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतीने केले जाई, त्याला कॅशेल किंवा कॅहर. संपूर्ण बेटावर अशा सुमारे ४५,००० जागा माहीत आहेत. बहुतेकांना एकच बांध आणि एकच खंदक असतो. दोन-तीन फेऱ्यांचे रिंगण म्हणजे मालक तालेवार. बहुसंख्य रिंगफोर्ट इसवी सन ५०० ते १००० या काळातले आहेत.

त्या काळचा कायदाही आपल्या हातात आहे. इसवी सन ७०० च्या सुमाराचा ‘क्रीथ गॅब्लख’ हा ग्रंथ माणसाचा दर्जा त्याच्या गुराढोरांवरून आणि घराच्या मापावरून ठरवतो. लहान शेतकऱ्याचे घर १९ फुटांचे, त्याच्या वरच्या दर्जाच्याचे २७ फुटांचे. सधन शेतकऱ्याकडे २० गायी, २ वळू, ६ बैल असावेत, शिवाय डुकरे आणि मेंढ्या. राजाच्या वस्तीचे रिंगणही फुटांत मोजून दिले आहे: सात वीसा, म्हणजे १४० फूट. दीड-दोन मीटरचा बांध सैन्य थोपवणार नाही, पण रात्री गुरे हाकून नेणाऱ्या टोळीला आणि लांडग्याला तो पुरे पडतो. ॲन्ट्रिम काउंटीत डीअर पार्क फार्म्स इथे १९८० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा पाणथळ थरांमुळे कुडाच्या भिंतीच टिकलेल्या सापडल्या. एकात एक अशा दोन विणलेल्या भिंती आणि मधल्या पोकळीत ऊब राहावी म्हणून ठासून भरलेले गवत-शेवाळे. एका दाराच्या चौकटीचे ओक लाकूड इसवी सन ६४८ मध्ये तोडलेले होते, हे त्याच्या वर्षवलयांवरून ठरले. यात गूढ काही नाही. चिखल, शेण, दूध आणि दर्जाची चढाओढ आहे.

अनेक रिंगफोर्टच्या पोटात सूटेरेन असते: खंदक खणून, दोन्ही बाजूंना दगड रचून, वर लांब शिळा टाकून, पुन्हा मातीने झाकलेले भुयार. जागोजागी ते इतके आवळलेले असते की माणसाला पोटावर सरपटावे लागते, म्हणजे आत शिरणारा शत्रू डोके पुढे करून एकेकटाच येतो. थंडाव्यामुळे दूधदुभते ठेवायलाही सोय होई. केरीत डनलोजवळ कूलमागॉर्ट इथे १८३८ मध्ये असे भुयार उघडले, तर छताच्या शिळा म्हणून ओगम या जुन्या आयरिश रेघांच्या लिपीतले स्मृतिदगड वापरलेले निघाले. याचा विचार व्हायला हवा. ज्यांच्या नावाने आज ‘पूर्वजांचे पावित्र्य’ सांगितले जाते, त्यांनीच आपल्या पूर्वजांच्या नावाचे दगड उचलून तळघराचे छप्पर केले. त्यांच्या लेखी ही जागा राहती होती, पवित्र नव्हती.

म्हणून ‘प्राचीन शहाणपण’ म्हणणाऱ्यांची पहिली अडचण अशी की लोककथांना या वस्त्यांचे मूळ मालक आठवतच नाहीत. गावोगावच्या कथांत हे फोर्ट डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, बांधले असे सांगतात. नाहीतर ती ‘भली माणसे’, म्हणजे पऱ्या, आत राहतात असे म्हणतात. गायी राखणारे, बव्हंशी ख्रिस्ती झालेले शेतकरी कोणाच्याच कथेत नाहीत. वस्त्या ओस पडल्या, कोण राहत होते ते विसरले गेले, आणि मग रिकाम्या रिंगणात दुसरी वस्ती कल्पिली गेली. धाक हा विस्मरणातून जन्मला आहे. पण म्हणून तो बिनकामाचा ठरतो का? इथे मात्र हसणाऱ्यांनी थांबून एक हिशेब पाहावा.

१८४१ च्या जनगणनेत आज जे आयरिश प्रजासत्ताक आहे त्या २६ काउंट्यांत सुमारे ६५ लाख माणसे होती. जमीन जमीनदाराची, खंड रोख, आणि कुटुंबाचे पोट बटाट्याच्या वाफ्यांवर. डोंगरउतारावरच्या दलदलीतही वाफे ओढले जात होते. अशा भुकेच्या दिवसांत शेताच्या मधोमध उभे असलेले ते रिंगण हजारो कुळांनी सोडून दिले. खंड भरत होते त्या तुकड्याचाही. १९६१ मध्ये त्याच २६ काउंट्यांत जेमतेम २८ लाख माणसे उरली होती, जमिनीची ती भूक संपली होती, आणि रिंगफोर्ट सपाट होण्याचे काम याच काळात जोर धरत होते. १९४९ पासून जमीन सुधारणेसाठी सरकारी अनुदान होते, मागोमाग बुलडोझर आले, १९७३ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश झाला आणि मोठ्या, सलग शेतांना भाव आला. गरज सर्वांत जास्त होती तेव्हा टिकले आणि गरज ओसरल्यावर गेले. धाकाखेरीज याचा उलगडा होईल का?

थोडा होईल, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मध्यम आकाराच्या बांधाचा परीघ साधारण ११० मीटर धरा. पायथ्याला चार मीटर, माथ्याला सव्वा मीटर, उंची दीड मीटर धरली तर चारशे घनमीटरांहून अधिक माती होते. फावडे-टोपली घेऊन एक गडी दिवसाला तीन-चार घनमीटर हलवील. म्हणजे एका माणसाचे चार महिने, तेही उघड्या पडलेल्या मुरमाड मातीत दोन वर्षे धड पीक येणार नाही अशा जागेसाठी. बुलडोझरला एक-दोन दिवस पुरतात. तेव्हा जुन्या काळी रिंगण राखले ते केवळ भीतीने नव्हे, ते पाडणे परवडतही नव्हते. काही रिंगणांच्या आत बटाट्याच्या वाफ्यांच्या सऱ्या आजही दिसतात, म्हणजे सगळेच भीत नव्हते. पण खर्चाने बांध वाचतो. बांधावरचे झाड का वाचावे? जळणाची एवढी टंचाई असताना रिंगणातले हॉथॉर्नचे काटेरी झाड तोडायचे नाही, पडलेली फांदीही घरात आणायची नाही, हा नियम पाळला गेला. फांदी उचलायला फावडे लागत नाही. तिथे राखण धाकाचीच होती.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जड मुद्दा. १८९५ च्या मार्चमध्ये टिपेररी काउंटीतल्या बॅलीवाडली इथे ब्रिजेट क्लिअरी या २६ वर्षांच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला तिच्या नवऱ्याने घरात, नातलगांसमोर जाळले. ही आपली बायको नाही, तिला पऱ्यांनी नेले आणि तिच्या जागी दुसरीच कोणी ठेवली आहे, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर तो जवळच्या कायलनाग्राना इथल्या फोर्टवर रात्री वाट पाहत थांबला, कारण खरी ब्रिजेट तिथून पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल अशी त्याची समजूत होती. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधासाठी २० वर्षांची सक्तमजुरी दिली. ही माणसे अडाणी नव्हती. नवरा पिंप बनवणारा कुशल कारागीर होता, तिच्याकडे स्वतःचे शिवणयंत्र होते. ‘परंपरा निरुपद्रवी असते’ असे म्हणणाऱ्याने हे नाव विसरू नये. त्याच कथांच्या वळचणीला आजारी मुलांचे हाल झाले, मंद वाढीच्या लेकरांना ‘बदललेले’ ठरवले गेले.

पण यातून काय सिद्ध होते? ‘मी ते झाड तोडणार नाही’ हा माणसाने स्वतःवर घातलेला निर्बंध आहे. ‘ही माझी बायको नाही’ हा दुसऱ्यावर चालवलेला अधिकार आहे. दोन्हींचे मूळ एकाच कथाविश्वात आहे, हे खरे. तरी समाजाला त्यांतला फरक करता येतो आणि करावाच लागतो. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तोही हाच फरक करून: शिक्षा आहे ती अघोरी कृत्याला, मनातल्या समजुतीला नाही. शिवाय त्या खटल्याचा दुसरा उपयोगही विसरू नये. आयर्लंडला स्वराज्य द्यावे की नाही हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता, आणि बॅलीवाडलीची चूल ‘ही माणसे राज्य करायला नालायक आहेत’ याचा पुरावा म्हणून काही वृत्तपत्रांतून फिरवली गेली. खेड्यातल्या समजुतीला हसणे नेहमी निव्वळ विवेकवाद नसतो; कधी त्यामागे मालकी हक्क असतो. ब्रिजेटला न्याय देण्यासाठी कायलनाग्रानाचा बांध पाडायची गरज नव्हती. बांध राखण्यासाठी तिच्या नवऱ्याचे म्हणणे खरे मानायचीही नव्हती.

धाकाच्या कथांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि तिच्यासाठी तरी हसू आवरावे. बाप्तिस्मा होण्याआधी दगावलेल्या बाळाला कॅथलिक चर्च पवित्र भूमीत जागा देत नसे. मग बाप किंवा घरातला दुसरा पुरुष अंधार पडल्यावर छोटी पेटी घेऊन निघे आणि शिवेवर, उजाड मठाच्या आवारात, समुद्रकाठी किंवा ओस पडलेल्या रिंगफोर्टमध्ये बाळ पुरून येई. वर नाव नसलेला दगड, कधी पांढरी गारगोटी. अशा जागेला किलीन म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही ठिकाणी हे चालू होते, म्हणजे ज्यांची भावंडे तिथे आहेत अशी माणसे आजही हयात आहेत. बाळांबरोबर कधी आत्महत्या केलेले, वाहत आलेले अनोळखी खलाशीही तिथेच गेले. ‘त्या फोर्टमध्ये खेळायला जाऊ नका’ असे आजी सांगते, तेव्हा ती पऱ्यांबद्दलच बोलत असेल असे कशावरून? ज्या दुःखाला मोठ्याने बोलायची मुभा नव्हती, त्याला कथेच्या आडोशाने जपले गेले असण्याची शक्यता आहे. बांध सपाट करणारा यंत्रचालक सहाव्या शतकातली चूल मोडतो, तसाच कदाचित १९४० मधला दफनाचा दगडही मोडतो. कोणत्या रिंगणात काय आहे हे वरून पाहून कळत नाही. गावात विचारावे लागते.

तरीही धाकावर भिस्त ठेवा, असे मी म्हणत नाही. कारण श्रद्धा नेहमी राखतेच असे नाही, ती खणतेही. आयर्लंडच्या जुन्या राजांची मानल्या जाणाऱ्या ताराच्या टेकडीवर १८९९ ते १९०२ या काळात ‘ब्रिटिश इस्रायलाइट’ पंथाच्या, म्हणजे ब्रिटिशांना प्राचीन इस्रायलचे वंशज मानणाऱ्या, लोकांनी ‘राथ ऑफ द सिनड्स’ खणून काढला, कारण बायबलमधली कराराची पेटी तिथे पुरली आहे अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. डब्ल्यू. बी. येट्स, डग्लस हाइड, मॉड गॉन, आर्थर ग्रिफिथ या आयरिश लेखक-राष्ट्रवाद्यांनी निषेध केला. पेटी सापडली नाही; थर मात्र कायमचे विस्कटले. आणि हे केवळ बाहेरच्यांचे वेड नव्हते. ज्या लोककथा ‘हात लावू नका’ म्हणतात, त्याच ‘आत सोन्याचा हंडा आहे’ असेही सांगतात. तीन रात्री तेच स्वप्न पडले, माणूस कुदळ घेऊन गेला, काळ्या बैलाने किंवा मांजराने हाकलून दिले, ही कथा बेटभर सापडते. बैल येईपर्यंत खड्डा पडलेला असतोच.

मराठी वाचकाला यातला धोका ओळखीचा वाटेल. सह्याद्रीतल्या देवराया १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी अभ्यासल्या, तेव्हा देवाच्या धाकाने किती जंगल टिकले हे लोकांसमोर आले. वाळकी काटकीही उचलायची नाही, हा तिथलाही नियम. पण पुढे कितीतरी ठिकाणी राईचा शत्रू नास्तिक निघाला नाही. भक्तांनीच जुन्या उघड्या देवावर सिमेंटचे देऊळ बांधायला काढले आणि खर्चासाठी राईतली झाडे विकली. श्रद्धा तीच राहिली, तिचा मोर्चा झाडांवरून कळसाकडे वळला. श्रद्धेचा विषय बदलतो तेव्हा ती आपल्याला विचारत नाही. आयर्लंडमध्ये आज फेअरी फोर्टचे छायाचित्र पर्यटनाच्या पत्रकावर येते, झाडाला फिती आणि चिंध्या बांधल्या जातात, आणि बांधावरून पायवाट पडून पावसाळ्यात माती घसरते. ही नवी आवड जुन्या धाकाइतकी राखणदार ठरेल, असे मानायला काही आधार नाही.

उरतो तो शेतकऱ्याचा रोखठोक सवाल: पंचेचाळीस हजार आहेत, सगळे कशाला ठेवायचे? शंभर चांगले निवडा, बाकीच्यांचे मोजमाप घ्या आणि आम्हाला नांगरू द्या. हा सवाल प्रामाणिक आहे आणि त्याची टर उडवणारे बहुधा शेती करत नाहीत. पण हिशेब करून पाहा. बांध-खंदकासह ५० मीटर व्यासाचे रिंगण म्हणजे सुमारे १,९६० चौरस मीटर, आपल्या मापात वीस गुंठ्यांना थोडे कमी. पंचेचाळीस हजारांची बेरीज नऊ हजार हेक्टरांच्या आत. बेटाच्या ८४ लाख हेक्टरांपैकी साधारण एक दशांश टक्का. देशाच्या शेतीला हा भार नाही. भार आहे तो त्या एका शेतकऱ्याला, ज्याच्या चार हेक्टरांत ते मधोमध उभे आहे आणि ज्याचा ट्रॅक्टर दर फेरीला वळसा घालतो. म्हणून त्या एकाला मोबदला देणे परवडते आणि दिलाच पाहिजे.

आणि संख्या हाच तर पुरावा आहे. एक रिंगफोर्ट उकरला तर एका कुटुंबाचे घर कळते. कोणता कोणापासून किती अंतरावर, तालेवाराच्या तीन फेऱ्यांच्या रिंगणाभोवती साधी किती, कोण चांगल्या निचऱ्याच्या उतारावर आणि कोण दलदलीच्या काठाला, हे पाहिले तरच समाज कळतो. शंभर निवडक ठेवणे म्हणजे गावाच्या दप्तरातली सुबक अक्षरातली पाने ठेवून बाकीची जाळणे. ‘मोजमाप घ्या आणि पाडा’ यातही मेख आहे: संपूर्ण उत्खनन झालेली रिंगणे एकूण संख्येच्या मानाने फार थोडी आहेत, आणि उत्खननाशिवायचे मोजमाप म्हणजे बाहेरचा आकार. पाडून टाकलेल्या रिंगणाचेही सगळे संपत नाही हे खरे; दुष्काळी उन्हाळ्यात बुजलेल्या खंदकातली खोल माती ओल धरून ठेवते, तिथले बार्ली अधिक हिरवे राहते आणि विमानातून पूर्ण वर्तुळ दिसते. पण दिसतो तो खंदक. बांधाखाली दबलेली त्या काळची जमीन, आतल्या घरांचे कूड, चुलींची राख नांगराने केव्हाच फिरवलेली असते.

कायदा आहे. १९३० चा राष्ट्रीय स्मारक कायदा, पुढच्या दुरुस्त्या, १९९४ पासून नोंदलेल्या जागेवर काम करायचे तर दोन महिने आधी लेखी सूचना देण्याचे बंधन, आणि २०२३ मध्ये संमत झालेला नवा वारसा कायदा. २०१२ मध्ये केरीत रिंगफोर्ट आणि सूटेरेन नष्ट केल्याबद्दल एका जमीनमालकाला २५,००० युरो दंड झाला. पण खटला होतो तोवर बांध गेलेला असतो. आणि बहुसंख्य रिंगफोर्ट एका दिवसात मरतही नाहीत. ते असे मरतात: गुरांच्या चाऱ्याची गव्हाण प्रवेशाजवळ ठेवली जाते, कारण जागा उंच आणि कोरडी असते, हिवाळ्यात शंभर खुरांनी चिखल होतो, बांधाची खाच दरवर्षी हातभर रुंदावते. खंदकात शेतातले दगड, प्लास्टिक, मेलेली मेंढी टाकली जाते. रान माजते, ब्लॅकथॉर्न आणि गॉर्स या काटेरी झुडपांच्या मुळ्या बांध पोखरतात, सशांची आणि बॅजरची बिळे होतात. मोठे झाड वादळात पडले की मुळांबरोबर घमेलीच्या घमेली बांध उपटून येतो. मग कोणी नेटका शेतकरी साफसफाई करायला जातो, साखळी लावून खोड मुळासकट ओढतो, आणि वादळाने राहिले ते तो पुरे करतो.

करायचे ते अवघड नाही. झुडपे हाताने जमिनीलगत कापायची, मुळे तशीच जागेवर कुजू द्यायची. एकदम सगळे उघडे करायचे नाही. टप्प्याटप्प्याने कापून गवताची चटई धरू द्यायची, कारण उघडा बांध एका हिवाळ्यात धुपतो. कापलेले आत जाळायचे नाही. गुरे सोडायची तर हलकी आणि कोरड्या दिवसांत, मेंढ्या बऱ्या. गव्हाण आणि पाण्याचे टाके लांब न्यायचे. नांगरटीच्या शेतात खंदकाच्या बाहेरच्या कडेपासून काही मीटर पट्टा सोडायचा, कारण बाहेरचा खंदक बहुधा बुजलेला असतो आणि डोळ्यांना दिसतो त्याहून रिंगण मोठे असते. सूटेरेन असेल तर वरून जड ट्रॅक्टर न्यायचा नाही. हजार वर्षे टिकलेली शिळा भाराने मोडते आणि खाली पोकळी असते. युरोपीय निधीच्या शेती-पर्यावरण योजनांतून १९९४ पासून अशा कामाला पैसे मिळू लागले, हे या क्षेत्रातले मला सर्वांत शहाणपणाचे धोरण वाटते. ते योजना बदलेल तसे कमी-जास्त होता कामा नये.

आणि कथांचे काय? त्या जमा आहेत. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने २६ काउंट्यांतल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या ५०,००० मुलांना वह्या देऊन आजी-आजोबांकडून ऐकलेले लिहून आणायला सांगितले. फेअरी फोर्ट हा त्यातला एक ठरवून दिलेला विषय होता. ती पाने आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधल्या राष्ट्रीय लोककथा संग्रहात आहेत आणि संगणकावर कोणालाही वाचता येतात. रिंगफोर्टची नोंदवही मात्र राष्ट्रीय स्मारक सेवेकडे आहे: काउंटीची खूण, नकाशाच्या पानाचा क्रमांक, मग जागेचा क्रमांक. एका दप्तरात बांधाची उंची आहे, दुसऱ्यात त्याच बांधाबद्दल लोक काय म्हणत ते आहे. कथा शाळेच्या गावावरून लावलेल्या, स्मारके नकाशाच्या पानावरून. दोन्ही एकत्र आणून प्रत्येक रिंगणाच्या नोंदीत त्याची कथा, किलीनची आठवण, सोने खणल्याची वदंता घालणे हे काम पऱ्यांवर विश्वास असलेल्याला आणि नसलेल्याला सारखेच पटावे.

ते जुळवताना अडते ते असे. बारा वर्षांच्या मुलाने लिहिलेले असते ‘अमक्याच्या शेतातला फोर्ट’. नकाशावर मालकाचे नाव नसते. मग १८४७ ते १८६४ च्या ‘ग्रिफिथचे मूल्यांकन’ या कर आकारणीसाठी केलेल्या जमीन-नोंदीत त्या टाउनलँडमधले (जमिनीच्या सर्वांत लहान हद्दीतले) कूळ शोधायचे, तुकड्याचा क्रमांक घ्यायचा, सहा इंची (मैलाला सहा इंच मापाच्या) नकाशाच्या पहिल्या आवृत्तीवर त्या तुकड्यात वर्तुळ आहे का ते पाहायचे. दोन वर्तुळे निघाली, किंवा मधल्या काळात जमीन विकली गेली, की कागद थांबतो. तिथून पुढे त्या टाउनलँडमधल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाच विचारावे लागते की शेताला घरात कोणते नाव होते. १९३८ मध्ये वही लिहिणारे मूल आज हयात असेल तर शंभरीला टेकलेले आहे. त्यांची मुले सत्तरीत आहेत, आणि शेतांची नावे अजून त्यांच्या तोंडी आहेत.